कॉम्पॅक्ट एअर पिस्तूल: ट्रिगर कसा लावायचा आणि रेंजवर कसा पारखायचा

आमच्या रेंजवर कुणी नवीन पिस्तूल आणलं की पेटीची कडी निघायच्या आत पहिला प्रश्न येतो, "ट्रिगर किती हलका आहे?" मीही सहा वर्षांपूर्वी हेच विचारत होतो. आज कुणी विचारलं तर मी उलटा प्रश्न करतो, "काल जसा सुटला तसाच आज सुटतोय का?" दहा मीटर एअर पिस्तुलात गुण मिळतात ते या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर. पिस्तूल कॉम्पॅक्ट असेल तर हे जास्तच खरं. का, ते पुढे हिशेबासह सांगतो.

मी ठाण्याचा. नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये, त्यामुळे स्क्रू, मायक्रोमीटर आणि शंभराव्या भागातला फरक हे रोजचंच. दोन वर्षांपूर्वी पूर्ण लांबीचं पिस्तूल विकून कॉम्पॅक्ट घेतलं. पहिल्या तीन महिन्यांत साठ शॉटमागे माझे अकरा गुण कमी झाले. पिस्तुलात खोट नव्हती. दर रविवारी मी एक स्क्रू फिरवत होतो आणि सोमवारी विसरत होतो. पुढची सगळी पद्धत मी त्यानंतर वहीत लिहून बसवली. आमच्याकडच्या तीन कॉम्पॅक्टवाल्यांचे अनुभवही तिच्यात आहेत: ऐरोलीच्या एक शिक्षिका ताई, वाशीचे निवृत्त बँकवाले काका आणि घणसोलीचा एक कॉलेजातला मुलगा.

आधी कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण घरचे आणि सोसायटीवाले हेच विचारतात. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमचा पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने निघतो. त्याची ऊर्जा होते साडेपाच-सहा ज्यूल, म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ खाली. तरीही खरेदीचं बिल, ओळखपत्र आणि क्लबचं कार्ड पेटीतच ठेवा. दारूगोळ्याच्या पिस्तुलाची गोष्ट पूर्ण वेगळी. त्याला १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो आणि इथे ते पोलीस आयुक्तालयाचं काम आहे. हा लेख फक्त एअर पिस्तुलाचा आहे.

कॉम्पॅक्टमध्ये नेमकं काय बदलतं

कॉम्पॅक्टची नळी आखूड, हवेचा सिलिंडर छोटा आणि वजन कमी. माझं घरच्या काट्यावर ८७० ग्रॅम भरतं, आधीचं ९६० भरायचं. नव्वद ग्रॅम म्हणजे एक मोठं लिंबू, पण हात सरळ ताणून साठ वेळा उचलायचं तेव्हा खांदा ते लिंबू बरोबर मोजतो. वाशीच्या काकांनी खांदेदुखीमुळेच कॉम्पॅक्ट घेतलं. "शेवटच्या वीस शॉटला हात थरथरायचा, तो थांबला," असं ते सांगतात. मात्र दुसरी बाजूही तेच सांगतात. हलकं पिस्तूल हातात पटकन हलतं. जड पिस्तूल संथ डुलतं, हलकं चुळबुळतं.

याहून मोठा फरक साइटमधल्या, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुणेतल्या आणि मागच्या खाचेतल्या, अंतराचा. पुढची साइट आणि मागची साइट जितकी जवळ, तितकी बोटाची चूक लक्ष्यावर मोठी होते. धरा, ट्रिगर ओढताना पुढची साइट मागच्या खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली. साइटमध्ये ३६० मिलिमीटर अंतर असेल तर दहा मीटरवर शॉट १३.९ मिलिमीटर बाजूला जातो. अंतर ३०० असेल तर १६.७ मिलिमीटर. आता लक्ष्य पाहा. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, पुढची प्रत्येक रेघ ८ मिलिमीटरवर आणि पेलेटची कड रेघेला लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटचा मध्य ८ मिलिमीटरच्या आत पडला तर दहा, १६ च्या आत नऊ, २४ च्या आत आठ. तीच अर्ध्या मिलिमीटरची चूक लांब पिस्तुलात नऊ देते, आखूड पिस्तुलात आठ.

याउलट, साइट एका रेषेत ठेवून अख्खा हात पाच मिलिमीटर बाजूला गेला तर शॉटही पाचच मिलिमीटर जातो आणि दहाच मिळतात. म्हणून हात हलतो याची चिंता करत बसू नका. शॉट सुटायच्या क्षणी बोटाने साइट हलवली की नाही, एवढ्याकडे लक्ष द्या. ट्रिगर लावायचा तो एवढ्याचसाठी.

स्क्रूला हात लावायच्या आधी मूठ बसवा

हे सगळ्यांना सांगावं लागतं आणि सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं. मूठ हातात रोज वेगळी बसत असेल तर ट्रिगरवर बोटही रोज वेगळं पडतं आणि मग ५०० ग्रॅमचा, म्हणजे सुटायला तेवढा दाब लागणारा, ट्रिगर कधी ४५० सारखा, कधी ६०० सारखा वाटतो.

पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा. नळीत सेफ्टी फ्लॅगची दोरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घालून बघा. ती आरपार गेली म्हणजे आत पेलेट नाही. मग दोरी काढून डोळे मिटा, पिस्तूल उचला, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. पुढची साइट खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. सतत डावीकडे किंवा उजवीकडे दिसत असेल तर मुठीचा कोन बदला. मनगट वळवून साइट जुळवायची सवय लागली की ती सुटायला वर्ष जातं.

मग बोट. पहिल्या पेराच्या मधला गुबगुबीत भाग ट्रिगरच्या पात्यावर सपाट पडायला हवा आणि बोटाचा बाकीचा भाग लाकडाला कुठेही टेकता कामा नये. बोट आणि लाकूड यांच्यामधून पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी जागा ठेवा. बोट लाकडाला घासत असेल तर ओढताना पिस्तूल ढकललं जातं. उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट डावीकडे पडतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

ऐरोलीच्या ताईंचा हात लहान. त्यांनी मध्यम मापाची मूठ असलेलं पिस्तूल घेतलं आणि सहा महिने त्यांचा ट्रिगर 'जड' होता. खरं तर बोटाचं फक्त टोक पोचत होतं. आम्ही पातं मागे घेतलं. बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांत पातं पुढे-मागे सरकतं आणि थोडं तिरकंही होतं. मग मुठीच्या मागच्या भागातून लाकडाची पातळ चकती काढली. त्याच आठवड्यात ट्रिगर त्यांना 'हलका झाला'. वजनाचा स्क्रू आम्ही शिवलाही नव्हता. लाकूड काढायचं असेल तर एका वेळी पॉलिशपेपरने थोडं काढा. भरायचं असेल तर लाकडाची पुटी वापरा आणि रात्रभर सुकू द्या.

वजन: ५०० ग्रॅम आणि वर थोडं

आंतरराष्ट्रीय नियमाने दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो. पिस्तुलाचं एकूण वजन १५०० ग्रॅमपर्यंत आणि माप ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसणारं. वजन आणि मापात कॉम्पॅक्ट कधीच अडकत नाही. अडकतं ते ट्रिगरवर. सामन्याआधीच्या तपासणीत पिस्तूल कॉक करतात, म्हणजे सुटायच्या तयारीत आणतात, नळी सरळ उभी धरतात आणि ट्रिगरच्या मध्यावर ५०० ग्रॅमचं वजन अडकवून ते टेबलावरून उचलतात. वजन अधांतरी राहिलं तर पास. तीन प्रयत्न मिळतात.

घरी हे तपासायला महागडं उपकरण लागत नाही. किराणा दुकानातलं ५०० ग्रॅमचं जुनं लोखंडी वजन घ्या. त्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो, त्यामुळे भरवसा ठेवता येतो. त्याला जाड तारेचा आकडा लावा. माझी तार १४ ग्रॅमची, म्हणजे एकूण ५१४. हे मला सोयीचंच पडतं, कारण पिस्तूल मी ५१५ च्या आसपास ठेवतो. बरोबर ५०० वर ठेवू नका. स्प्रिंग वापराने बसते, पावसाळ्यात आणि एसी हॉलमध्ये फरक पडतो आणि तपासणीच्या टेबलावर चार ग्रॅमसाठी धावपळ झाली की पहिले दहा शॉट वाया जातात.

घणसोलीच्या मुलाच्या बाबतीत एका शालेय स्पर्धेत तेच झालं. घरी त्याने डिजिटल काट्याच्या हुकाने ५०२ मोजलं होतं. तपासणीत वजन दोनदा घसरलं. शेवटच्या प्रयत्नाआधी त्याने घाईत स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि पास झाला, पण मैदानात त्याच्या हातात सरावापेक्षा वेगळाच ट्रिगर होता. दहा शॉटच्या पहिल्या मालिकेत शंभरपैकी ८६ आले. सरावात तो ९३-९४ मारतो. त्या दिवशी रबाळेपर्यंतच्या लोकलमध्ये तो एक शब्द बोलला नाही.

कोणता स्क्रू कधी फिरवायचा

आधी पिस्तुलाची पुस्तिका वाचा. कंपनीनुसार स्क्रूच्या जागा बदलतात, काम मात्र तेच. फिरवायच्या आधी प्रत्येक स्क्रूचा फोटो काढा आणि मार्करने बारीक खूण करा. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा, आणि लगेच वहीत नोंद. टूलरूममध्ये आम्ही एका कटमागे एकच सेटिंग बदलतो. दोन बदलली तर नग बिघडला कशामुळे, ते कळत नाही.

स्पर्धेचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. बोट ओढायला लागलं की आधी थोडं मागे येतं, मग अडतं. अडल्यावर आणखी थोडा दाब दिला की शॉट सुटतो. दोन्ही टप्प्यांचं वजन मिळून एकूण वजन. माझं सध्या पहिल्या टप्प्यात साधारण ३८० आणि दुसऱ्यात १३५ ग्रॅम. नवख्याने दुसरा टप्पा स्पष्ट जाणवेल एवढा ठेवावा, म्हणजे बोट कुठे आलं ते कळतं. पहिला टप्पा फार हलका आणि दुसरा जड ठेवला तर शेवटी बोटाला झटका द्यावा लागतो. पहिला जड आणि दुसरा अगदी हलका असेल तर अडण्याची जागा हरवते आणि शॉट नको तेव्हा सुटतो. या दोघांच्या मध्ये प्रत्येकाची स्वतःची जागा असते आणि ती शोधायला दोन-तीन आठवडे द्यावेच लागतात.

क्रम मी असा ठेवतो. आधी पात्याची जागा, ती मुठीबरोबर ठरलेलीच असते. मग पहिल्या टप्प्याची लांबी: दोन-तीन मिलिमीटर पुरते, त्याहून कमी केली तर बोटाला तयार व्हायला वेळ मिळत नाही. त्यानंतर पहिल्या टप्प्याचं वजन, मग दुसऱ्याचं. दर बदलानंतर एकूण वजन पुन्हा मोजायचं, कारण एक स्क्रू दुसऱ्यालाही थोडा हलवतो. सगळ्यात शेवटी ट्रिगर स्टॉप. शॉट सुटल्यावर बोट मागे किती जाईल, हे तो ठरवतो. स्टॉप फार जवळ आणला तर पातं त्याला आपटून पिस्तूल हलतं आणि कधी कधी ट्रिगर सुटतच नाही. मी आधी स्टॉप पूर्ण मोकळा करतो. मग ट्रिगर सुटेनासा होईपर्यंत हळूहळू आत आणतो आणि तिथून अर्धा फेरा मागे घेतो.

राहिला सिअरचा स्क्रू, म्हणजे आतल्या दोन दातांची एकमेकांवरची पकड. दुसऱ्या टप्प्यात बोटाखाली काहीतरी घासत सरकल्यासारखं वाटतं ते या पकडीमुळे. ते घालवायच्या मोहात लोक पकड कमी कमी करत जातात. हा स्क्रू शक्यतो कारखान्यातून आला तसाच ठेवा. जाणकाराच्या हाताने बदलायचाच असेल तर नंतर ही चाचणी करा: पिस्तूल रिकामं, नळी लक्ष्याच्या दिशेने, कॉक केलेलं, आणि मुठीच्या तळाला तळहाताने पाच-सहा थापा. एकदाही सुटलं तर पकड कमी आहे आणि ते पिस्तूल रेंजवर न्यायचं नाही. एअर पिस्तुलाचा पेलेट डोळा कायमचा घालवू शकतो. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये दात नसतात. आत छोटा स्विच असतो आणि सर्किट झडप उघडतं. सुटणं अगदी स्वच्छ, रोज तसंच. कॉम्पॅक्टवाल्यांना त्याचा फायदा जाणवतो, कारण चुळबुळणाऱ्या पिस्तुलात थोडंसं घासणंही दिसतं. पण बॅटरी आणि सर्किट या दोन गोष्टी वाढतात. टोकियोत २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्यात बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच प्रकारात तिने २२१.७ गुणांनी कांस्यपदक घेतलं. आमच्या रेंजवरच्या मुलांना मी ही हकीकत सांगतो ती घाबरवायला नाही. पेटीत सुटी बॅटरी, ॲलन की आणि सील असायलाच हवं, एवढ्यासाठी.

घरात: दहा मीटर नसले तरी चालतं

ठाण्यातल्या वन बीएचकेचा हॉल चार मीटरचा. पुरतो. दहा मीटरवरच्या काळ्या वर्तुळाचा व्यास ५९.५ मिलिमीटर असतो. चार मीटरवर तेवढंच दिसायला २३.८ मिलिमीटरचं काळं वर्तुळ लागतं. कागदावर काढा आणि भिंतीला चिकटवा. पिस्तूल ड्राय फायरवर ठेवा, म्हणजे हवा सुटत नाही, फक्त ट्रिगर सुटतो. पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत. घरात लहान मुलं असतील तर सराव संपताच पेटीला कुलूप.

एक गोष्ट इथली खास. समोरच्या इमारतीची खिडकी पंधरा फुटांवर असते. पडदा ओढल्याशिवाय पिस्तूल हातात घेऊ नका. आमच्या एका सभासदाच्या घरी रात्री नऊ वाजता वॉचमन आणि सोसायटीचे सेक्रेटरी आले होते आणि त्यांचं घाबरणं चुकीचं नव्हतं. तेव्हापासून आम्ही नवीन सभासदाला सांगतो की सोसायटीच्या कार्यालयात आधीच क्लबचं पत्र देऊन ठेवा.

सराव तीन भागांत करा. आधी दहा मिनिटं कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर, वर्तुळ नाही. डोळा फक्त पुढच्या साइटच्या वरच्या कडेवर. ट्रिगर सुटताना आणि सुटल्यावर दोन सेकंद ती कड हलली का, ते बघायचं. हाच खरा ट्रिगरचा सराव. वर्तुळ आलं की डोळा त्याच्यामागे धावतो. मग पंधरा मिनिटं वर्तुळावर. शेवटी पाच मिनिटं 'न सोडण्याचा' सराव: उचला, नेम धरा, पहिला टप्पा घ्या आणि बोट सोडून पिस्तूल खाली ठेवा. सामन्यात ६० शॉटला ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे दर शॉटला सव्वा मिनिट. खाली ठेवायला वेळ असतो. नसतं ते धाडस, आणि ते घरीच कमवावं लागतं.

ट्रिगर पाव फेरा बदलला की किमान तीन दिवस हाच सराव करा. त्याआधी रेंजवर त्याचा निकाल काढू नका.

रेंजवर: आधी पिस्तुलाची परीक्षा, मग स्वतःची

ट्रिगरची चूक आणि पेलेटची चूक लक्ष्यावर सारखीच दिसते, त्यामुळे दोन्ही वेगळ्या करून पाहा. रेंजच्या पंपावर सिलिंडर २०० बारपर्यंत भरा. त्याची मुदत छापलेली असते. उलटून गेली असेल तर भरू नका. पंप कोरडी हवा देणारा असावा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत फिल्टर भिजला की ओल सिलिंडरमध्ये जाते.

टेबलावर गादी ठेवून मनगट टेकवा आणि पाच पेलेट मारा. पाचही एका भोकात, ११.५ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळात आरामात बसले पाहिजेत. चांगलं पिस्तूल यापेक्षा खूप लहान भोक पाडतं. पेलेट सपाट तोंडाचेच हवेत, म्हणजे कागदात गोल स्वच्छ भोक पडतं. एकाच कंपनीचे पेलेट ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर डोक्याचे मिळतात. तिन्हीचे प्रत्येकी पाचाचे चार गट मारा आणि सगळ्यात लहान भोक पाडणारे निवडा. मित्राच्या पिस्तुलाला चालतात म्हणून तुमच्याला चालतीलच असं नाही. सराव संपल्यावर साबणाने हात धुवा. पेलेट शिशाचे असतात, आणि धुवायच्या आधी वडापाव खायचा नाही.

मग उभं राहून. दहा शॉट मारा, पण प्रत्येक शॉटनंतर स्क्रीनकडे किंवा लक्ष्याकडे बघायच्या आधी वहीत लिहा: साइट सुटताना कुठे होती? 'वर', 'उजवीकडे', 'मध्ये'. मग निकाल पाहा. तुमचं लिहिलेलं आणि पडलेला शॉट जुळत असेल तर ट्रिगर तुमच्या ताब्यात आहे, गुण कमी असले तरी. जुळत नसेल तर नेमकं शॉटच्या क्षणी काहीतरी होतंय जे तुम्हाला दिसत नाही, आणि ते बहुधा बोटच असतं. या एका सवयीने मला सगळ्यात जास्त शिकवलं. सुरुवातीला दहापैकी चार जुळायचे, आता आठ.

गट वाचताना घाई नको. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचे शॉट खाली डावीकडे जमत असतील तर बोट झटका देतंय किंवा शेवटी मूठ आवळली जातेय. उभ्या रेषेत वर-खाली पसरले असतील तर ट्रिगर बिचारा निर्दोष. मनगट सैल आहे किंवा श्वास अर्धवट सोडलाय. वर उजवीकडे जात असतील तर शॉटच्या आधीच तळहात ढकलतोय. एक शॉट कुठे पडला त्यावरून काही ठरवू नका. किमान ४० शॉटचा गट पाहा, तोही दोन वेगळ्या दिवसांचा. वाशीचे काका दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाच रंगाच्या पेनने गटाचा मध्य काढतात. त्यांच्या वहीत दोन वर्षांचे मध्य एकाखाली एक आहेत. ती पानं बघून मी माझी वही सुरू केली.

कॉम्पॅक्टवाल्यांनी एक जोडीची चाचणी करावी. नळीखाली लावायचं छोटं वजन असेल तर ते लावून ४० आणि काढून ४० शॉट. मी ३० ग्रॅम लावले तेव्हा आडवी पसरण कमी झाली, पण शेवटच्या मालिकेत शॉट खाली यायला लागले. आता १५ ग्रॅम आहेत. घणसोलीचा मुलगा काहीच लावत नाही आणि माझ्यापेक्षा चांगला मारतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. पेटीत सिलिका जेलच्या दोन पिशव्या ठेवा आणि महिन्यातून एकदा बदला. भिजत आलात तर पेटी बंद ठेवू नका. फोम ओला राहिला की स्टीलचे भाग एका रात्रीत तांबूस होतात. बाहेरच्या स्टीलवर हलका तेलाचा हात फिरवा. सील आणि झडपेच्या भागाला मात्र पुस्तिकेत सांगितलेलं ग्रीसच लावा. दाबाखालच्या हवेजवळ शिवणयंत्राचं तेल किंवा मोटारीचं ग्रीस नेऊ नका. ट्रिगरच्या दातांवरही फार तेल नको. तेलात धूळ बसते आणि मग ते घासणं पुन्हा जाणवायला लागतं. एका जुलैत मला वाटलं दुसरा टप्पा जड झालाय. वजन मोजलं तर ५१५ च. दातांवरची चिकट काळी पापुद्री काढल्यावर तो पूर्ववत झाला. मोजलं नसतं तर मी स्क्रू फिरवला असता.

लोकलने जाताना पेटीला कुलूप, सेफ्टी फ्लॅग नळीत आणि कागद वरच्या कप्प्यात. ट्रान्स-हार्बरवर सकाळी आठला ठाण्याहून गाडीत चढायचं असेल तर पेटी छातीशी धरा, खांद्यावर नको. धक्क्याने साइट सरकते. राज्यस्तरासाठी बालेवाडीला किंवा वरळीला गेलात तर पोचल्यावर सायटरच्या, म्हणजे गुण न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटच्या, वेळात साइटच्या क्लिक तपासा. मुंबई सोडून विमानाने जायचं असेल तर सिलिंडर रिकामा करून, आगाऊ माहिती देऊन, चेक-इन सामानात.

माझ्या वहीतलं एक पान

तारीख, सिलिंडरचा दाब सुरू आणि शेवटी, पेलेटचं माप, ट्रिगरचं वजन, शेवटचा बदललेला स्क्रू आणि किती फेरा, चार मालिकांचे गुण, 'सांगितलेले आणि पडलेले' किती जुळले. एवढंच. गुणांचा रकाना मी मुद्दाम पानाच्या तळाशी ठेवलाय, कारण तो वर असला की बाकीचं कुणी वाचत नाही.

ट्रिगर एकदा बसला की किमान दोन हजार पेलेट त्याच सेटिंगवर मारा. पाचशेचे चार डबे. त्यानंतर वजन पुन्हा मोजा. माझं पहिल्या दोन हजारांनंतर ५१५ वरून ५०८ वर आलं होतं. पाव फेऱ्याच्याही कमी आवळलं, नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोऱ्या भिंतीपासून सुरुवात केली.